दहा ग्रॅमचा धागा

जालन्याहून देऊळगाव राजाकडे निघालेल्या दुपारच्या बसमध्ये त्या दिवशी दोन ओझी अशी होती, की कंडक्टर तिकिटं देता देता पुन्हा पुन्हा त्यांच्याकडे पाहत होता.

एक ओझं शरयूच्या मांडीवर होतं. शरयू देऊळगाव राजाच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवायची. तिच्या प्रयोगशाळेतली ऑक्टोपसची बरणी उन्हाळ्यात फुटली होती. पाच महिने अर्ज-विनंत्या केल्यावर जालन्याच्या एका कॉलेजने आपल्याकडचा जास्तीचा नमुना द्यायचं कबूल केलं होतं. ती बरणी टॉवेलात गुंडाळून, तान्ह्या बाळासारखी धरून ती बसली होती.

दुसरं ओझं म्हणजे शेजारच्या तरुणाच्या पायाशी ठेवलेली पिशवी. तिच्या तोंडातून पाच पांढरीफटक बोटं बाहेर आली होती. प्लास्टरची... आणि पायाची.

ती चोरून त्या बोटांकडे पाहत होती. तो चोरून टॉवेलाकडे.

एका गतिरोधकावर बस अशी आदळली, की टॉवेल घसरला आणि बरणी हातातून निसटली. शेजारच्या तरुणाने वाकून दोन्ही तळहात बरणीच्या तळाशी धरले. फॉर्मॅलिनच्या पाण्यात ऑक्टोपस एकदा डुलला आणि पुन्हा गुपचूप बसला. पण तेवढ्यात त्याची पिशवी कलंडली आणि तो पांढरा पाय गडगडत थेट पुढच्या सीटखाली गेला. तिथल्या बाईंनी दोन्ही पाय वर घेतले आणि देवाचं नाव घेतलं.

"तुमचा पाय गेला," शरयू म्हणाली.

"जाऊ द्या मॅडम. तुमचे आठ वाचले ना."

ती हसली. त्या आठवड्यात पहिल्यांदाच बहुधा.

त्याचं नाव प्रसेनजित. मेहकरजवळच्या एका खेड्यातला, वडील किसनरावांनी शेतमजुरी करून शिकवलेला. आता तो पायांच्या आजारांच्या दवाखान्यात तंत्रज्ञ होता. ज्या माणसांचे पाय बधिर होतात, त्यांच्या पायांचे साचे घ्यायचे आणि त्या मापाची मऊ पादत्राणं करायची, हे त्याचं काम. देऊळगाव राजाच्या एका धर्मशाळेत येत्या गुरुवारपासून साखरेच्या रुग्णांसाठी मोफत तपासणी सुरू होणार होती, सहा महिन्यांसाठी. त्याची तो तयारी करत होता.

"म्हणजे पोडियाट्री," शरयू म्हणाली.

"तुम्हाले कसं माहीत?"

मग तिने त्याला वर्गात सांगावं तसं सांगितलं. ग्रीक भाषेत पायाला 'पूस' म्हणतात, आणि तोच शब्द दुसऱ्या शब्दात मिसळताना 'पोड' होतो. ऑक्टो म्हणजे आठ, म्हणून आठ पायांचा तो ऑक्टोपस. पायांचं वैद्यक ते पोडियाट्री. "तुमच्या पिशवीत आणि माझ्या बरणीत एकच शब्द आहे," ती म्हणाली.

प्रसेनजित थोडा वेळ बरणीकडे पाहत राहिला. इतकी वर्षं हे काम करून राह्यलो, पण हे कुणी सांगितलं नव्हतं, असं म्हणाला. मग त्याने विचारलं, असे अजून शब्द आहेत का.

"पुष्कळ."

"मग असं करा. घरात कुणाले साखर असेल तर घेऊन या. फी नाही. तुम्ही दर गुरुवारी पाय असलेला एक शब्द द्या, बस."

शरयूच्या वडिलांना अठरा वर्षांपासून मधुमेह होता. आणीन, असं ती म्हणाली. आणायला काहीच अडचण नव्हती. तिचे वडील कशालाच नाही म्हणत नसत.

*

उद्धवरावांनी तहसील कार्यालयात छत्तीस वर्षं कारकुनी केली होती. साहेब बदलले, टेबलं बदलली, 'हो साहेब' तेवढं बदललं नाही. घरीही तसंच. पत्नी होती तोवर तिला हो, ती गेल्यावर मुलीला हो. भाजीत मीठ कमी आहे का? हो. मग बरोबर आहे का? हो. शरयू त्यांची थट्टा करायची आणि ते तिलाही हो म्हणायचे.

धर्मशाळेची खोली त्या गुरुवारी माणसांनी भरली होती. एका कोपऱ्यात काचेची पेटी होती, तिच्यात दिवा आणि तिरपा आरसा. वर उभं राहिलं की आपले तळवे आरशात दिसत. "याले पोडोस्कोप म्हणतात," प्रसेनजित प्रत्येकाला सांगत होता, आणि सांगताना 'पोड' वर जरा जोर देऊन शरयूकडे पाहत होता.

केसरबाई नावाच्या एक म्हाताऱ्या बाई काचेवर चढल्या आणि वाकून आरशात पाहतच राहिल्या.

"हे माये पाय व्हय?" त्यांनी विचारलं.

"मंग कोनाचे, आजी?"

"सत्तर वर्सं झाली बापा, पन यायचं तोंड आजच पाह्यलं."

सगळी खोली हसली. मग प्रसेनजितने खिशातून एक लहानशी काडी काढली. तिच्या टोकाला नायलॉनचा जाड, ताठ धागा होता. त्याने सगळ्यांना समजावून सांगितलं. हा धागा तळव्याला टेकवून वाकेपर्यंत दाबला, की बरोबर दहा ग्रॅमचा दाब पडतो. डोळे मिटायचे. धागा लागला की हो म्हणायचं. तळव्याच्या दहा जागा. ज्याला हा दहा ग्रॅमचा स्पर्श कळत नाही, त्याला पायात काटा गेलेलाही कळणार नाही.

उद्धवराव साक्षीला बसावं तसे ताठ बसले आणि त्यांनी डोळे मिटले. प्रसेनजितने त्यांचा उजवा पाय आपल्या मांडीवर घेतला.

शरयू खिडकीशी उभी होती. पहिल्या गुरुवारचा शब्द तिच्याकडे तयार होता... ट्रायपॉड, कॅमेऱ्याची तिवई, तीन पायांची.

"हो," उद्धवराव म्हणाले. "हो. हो."

सातव्या वेळी प्रसेनजितचा हात थोडा थांबला. त्याने मान वर केली. शरयू त्याच्याकडेच पाहत होती. खिडकीतून आलेली उन्हाची पट्टी तिच्या अर्ध्या चेहऱ्यावर होती, आणि तिने नजर काढली नाही. त्यानेही नाही.

"हो," उद्धवराव म्हणाले.

प्रसेनजितने खाली पाहिलं, घाईने उरलेल्या तीन जागा उरकल्या, आणि कार्डावर लिहिलं : संवेदना ठीक.

*

मग गुरुवार येत गेले.

शरयू कॉलेज सुटलं की धर्मशाळेत जायची. रांगेत बसलेल्यांची नावं लिहून घ्यायची, म्हाताऱ्यांना काचेवर चढायला हात द्यायची, आणि गर्दी ओसरली की शब्द द्यायची. झुरळ, विंचू, फुलपाखरू, सगळे आर्थ्रोपॉड, सांधे असलेल्या पायांचे. गोगलगाय गॅस्ट्रोपॉड, म्हणजे पोटच जिचा पाय आहे ती. आपला ऑक्टोपस सिफॅलोपॉड, कारण त्याचे पाय डोक्यालाच फुटलेले.

"तुमच्याकडं पाहत चाललो की मायं बी तसंच होते," प्रसेनजित म्हणाला. "पाय कुठं, डोकं कुठं."

"मग खाली पाहून चाला."

"खाली पाहून तर दिवसभर बसतो, मॅडम."

एकदा तिने 'पॉलिप' दिला. नाकात वाढतो तो कोंब. त्यातही 'पूस' आहे, अनेक पायांचा. प्रसेनजितच्या आईच्या नाकातला कोंब मागच्या वर्षी काढला होता. तिला सांगतो, म्हणाला, की तुझ्या नाकात पाय होते, आता ती आठ दिवस झोपायची नाही. दुसऱ्यांदा तिने 'स्यूडोपॉड' दिला. अमीबाला खरे पाय नसतात. जायचं असेल तिकडे तो अंगाचाच एक भाग पुढे ढकलतो आणि मग बाकीचं अंग त्यात ओतत जातो. खोटा पाय म्हणायचं त्याला, पण पोचतो तो खऱ्यासारखाच.

निघताना त्याने तिची चप्पल, दारात कुणीतरी उलटी करून टाकलेली, हाताने सरळ करून ठेवली. शरयूने ते पाहिलं... आणि घरी जाईपर्यंत तिला रस्त्यात काहीच दिसलं नाही.

आश्विनातल्या उत्सवात उद्धवराव दर वर्षी देवळाला एकशे आठ प्रदक्षिणा घालत, अनवाणी. उत्सव पावसाळा संपल्यावरच्या कडक उन्हात येतो. देवळाच्या भोवतीची काळी फरशी दुपारी अशी तापते, की तरुण मुलंही टाचांवर उड्या मारत पळतात. उद्धवरावही दर वर्षी मधूनमधून सावलीत थांबत. त्या वर्षी शरयूने विचार केला, नको म्हणावं का? मग तिला कार्ड आठवलं. संवेदना ठीक.

त्या वर्षी उद्धवराव कुठेही थांबले नाहीत. ऐन दुपारी, शांत, एका लयीत ते चालत राहिले. लोक बाजूला उभे राहून हात जोडत होते. घरी आल्यावर त्यांचा चेहरा उजळला होता.

"या वर्षी पाय भाजलेच नाहीत, शरयू," ते म्हणाले. "देवाची कृपा."

तिसऱ्या दिवशी शरयूला देवघरापासून न्हाणीपर्यंत फरशीवर पिवळट डाग दिसले, एकाआड एक पावलावर. नैवेद्याचं काही सांडलं असेल, असं समजून तिने पुसून टाकले. चौथ्या दिवशी ते पुन्हा होते. पाचव्या दिवशी घरात वास यायला लागला, तेव्हा तिने वडिलांना खुर्चीत बसवून पाय वर उचलायला सांगितलं. उजव्या तळव्याची कातडी सुटली होती. आत काळं होतं.

"दुखतंय का, बाबा?"

"नाही ग," ते म्हणाले, आणि स्वतःच चकित होऊन तिच्याकडे पाहत राहिले.

*

दिवाळीच्या आदल्या दिवशी जालन्याच्या दवाखान्यात उद्धवरावांच्या उजव्या पायाची पाचही बोटं काढली.

बाहेर आभाळ भरून आलं होतं आणि पाऊस पडत नव्हता. व्हरांड्यात कुणीतरी चार पणत्या लावल्या होत्या, त्यांतल्या दोन वाऱ्याने गेल्या होत्या. शरयू बाकावर बसून रिपोर्ट वाचत होती. लघवीत प्रथिनं जात होती, म्हणजे मूत्रपिंडही थकलं होतं.

प्रसेनजित देऊळगावहून आला आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला. शरयूच आधी बोलली, रिपोर्टवरची नजर न काढता. मूत्रपिंडात पोडोसाइट नावाच्या पेशी असतात, ती म्हणाली. त्यांना बारीक बारीक पाय असतात, आणि त्या पायांनी त्या रक्तवाहिन्यांना घट्ट मिठी मारून बसलेल्या असतात. पाय चपटे झाले, की मिठी सुटते. मग जे राहायला हवं ते वाहून जातं.

"हा शब्द तुम्हाला द्यायचा नव्हता मला," ती म्हणाली.

"मले एक सांगायचं हाय."

शरयूने रिपोर्ट मिटला. हे वाक्य कधीतरी येणार हे तिला ठाऊक होतं. तिने मनात किती जागा पाहून ठेवल्या होत्या त्याच्यासाठी. त्यात दवाखान्याचा व्हरांडा नव्हता.

"त्या पहिल्या गुरुवारी," प्रसेनजित म्हणाला, "सातव्या जागेवर धागा टेकलाच नव्हता. काका हो म्हणाले. तवाच समजायला पायजे होतं, की ते अंदाजानं हो म्हणून राह्यले. पुन्हा पहिल्यापासून पाहायला पायजे होतं. माह्या हाताले ठाऊक होतं, तरी मी कार्डावर ठीक लिहिलं."

"का?"

त्याचे हात गुडघ्यांवर होते. तळहात वर, रिकामे.

"तुमच्याकडं पाहून राह्यलो होतो."

खालच्या रस्त्यावर एक फटाक्यांची माळ वाजली आणि मध्येच थांबली.

शरयूला रडता आलं असतं, त्याच्यावर ओरडता आलं असतं, आणि तो ऐकून घ्यायच्या तयारीनेच आला होता. पण ती मुलांना शिकवणारी बाई होती. आपल्याला ठाऊक असलेलं लपवून दुसऱ्याचं उत्तर चूक ठरवणं तिला कधी जमलं नव्हतं.

"मीही पाहिलं होतं," ती म्हणाली. "धागा हवेत होता. मला दिसला. बाबा हो म्हणाले तेव्हा मला हसू आलं... वाटलं, बाबांचं नेहमीचंच. सांगायला हवं होतं. पण मग तुम्ही मान खाली घातली असती."

एकमेकांना जे सांगायचं होतं, ते सांगून झालं होतं. फक्त ते असं सांगितलं जाईल, असं दोघांनाही वाटलं नव्हतं.

*

प्रसेनजितने आपल्या दवाखान्याच्या प्रमुख डॉक्टर मंजुश्री यांना सगळं सांगितलं. त्या खूप बोलल्या, आणि शेवटी म्हणाल्या, की तू राहा. ही चूक पुन्हा न करणारा एक तरी माणूस माझ्याकडे असू दे. त्या दिवसापासून प्रत्येक तपासणीत तीनदा धागा हवेतच धरायचा, असा नियम त्यांनी केला. पुढच्या दोन गुरुवारी जुने सगळे रुग्ण पुन्हा बोलावले. रिकाम्या धाग्याला 'हो' म्हणणारे अकरा निघाले. केसरबाईही.

"आजी, लागलंच नव्हतं. हाव काऊन म्हटलं?"

"तू इतका वाकून बसला, बापा. नाय म्हनाले जीव व्हत नाय."

उद्धवरावांनाही प्रसेनजितने घरी जाऊन खरं काय ते सांगितलं. ते पलंगावर पडून होते. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं.

"हो मी म्हणालो होतो," ते म्हणाले. "डोळे मिटले, की वाटायचं समोरचा माणूस थांबलाय. कुणाला किती ताटकळत ठेवायचं?"

जखम भरायला तीन महिने लागले. दर गुरुवारी प्रसेनजित घरी येई, त्यांचा अर्धा राहिलेला पाय मांडीवर घेई, पट्टी सोडी, धुई, बांधी. त्या पायासाठी त्याने बूट केला. पुढच्या रिकाम्या भागात मऊ भरण, खाली जाड तळ. आणि सांगितलं, की हा घरातही घालायचा. न्हाणीपासून देवघरापर्यंत, प्रत्येक पावलाला.

घरात पायताण? देवघरात? त्या घरात कुणी कधी ऐकलं नव्हतं. पण उद्धवराव हो म्हणाले. आणि प्रसेनजित गेला, की बूट दाराबाहेर ठेवू लागले.

ते एकदा त्याच्या लक्षात आलं. तो रागावला नाही. त्यांच्यासमोर जमिनीवर बसला आणि म्हणाला, "काका, तुम्हाले नाही वाटत असेल तर नाही म्हणा. नाहीचं औषध हाय माह्यापाशी. हो चं नाही."

मग तो त्यांच्याकडून सराव करून घेऊ लागला. धागा हवेत धरून विचारायचं, लागला? पहिल्या दिवशी उद्धवरावांच्या कपाळावर घाम आला. दुसऱ्या गुरुवारी ते पुटपुटले, "नाही." तिसऱ्या गुरुवारी स्पष्ट म्हणाले, "नाही. आणि देवघरात बूट, तेही नाही." प्रसेनजित हसला. देवघराच्या उंबऱ्याशी त्याने एक खुर्ची ठेवून दिली. तुम्ही इथं बसा, हात पोचतात, पाय आत जातच नाहीत. उद्धवरावांनी विचार केला आणि मान हलवली. तेव्हापासून घरात त्यांची पावलं ऐकू येऊ लागली. एक हलकं, एक जड.

रोज संध्याकाळी शरयू त्यांचे तळवे तपासायची. चीर, फोड, लालसर डाग. हे रोज करायला हवं होतं, जन्मभर. त्यांना वाकून स्वतःचे तळवे दिसत नव्हते.

तपासणीचे सहा महिने फाल्गुनात संपत होते. प्रसेनजितला नागपूरच्या दवाखान्यात बोलावलं होतं. माघातल्या एका गुरुवारी पट्टीची पेटी बंद केल्यावर तो उठला नाही. शरयू दारात उभी होती. त्याने उद्धवरावांना सरळ सांगितलं, की मला शरयूशी लग्न करायचं आहे.

घरात घड्याळ वाजत होतं. उद्धवरावांनी आधी मुलीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"नाही," ते म्हणाले.

त्यांनी घसा साफ केला. "चुकीचा राग नाही. ती माझीच होती. पण नाही."

"कारण सांगा, बाबा," शरयू म्हणाली.

"कारण मला तोंडाने सांगता येत नाही. आणि तुला ते माहीत आहे."

"तीन महिने तुमचा पाय यांच्या मांडीवर होता. तेव्हा जात कुठे होती?"

उद्धवरावांनी मान खाली घातली. हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. प्रसेनजितने पेटी उचलली, बूट त्यांच्या हाताला लागेल असा सरकवून ठेवला आणि निघाला. जिन्यात त्याने शरयूला सांगितलं, की मीच त्यांना नाही म्हणायला शिकवलं. आता ते खरं बोलले, तर मी तक्रार कशी करू. आणि ती इथून निघाली, तर त्यांचे तळवे कोण पाहणार, हे दोघांपैकी कुणालाच विचारावं लागलं नाही.

पुढचे तीन गुरुवार शरयूने शब्द दिला नाही. त्यानेही मागितला नाही.

*

शेवटच्या गुरुवारच्या आदल्या संध्याकाळी ती नेहमीसारखी वाटीत कोमट पाणी घेऊन वडिलांच्या खोलीत गेली. उद्धवराव खुर्चीत बसले होते. बूट काढून ठेवला होता. हातात लांब दांडीचा आरसा होता, प्रसेनजितने माघात आणून दिलेला, इतके दिवस कपाटावर पडलेला. तो त्यांनी तळव्याखाली धरला होता आणि चष्मा नाकावर ओढून ते वाकून पाहत होते.

"द्या, मी पाहते."

"नाही," ते म्हणाले. "टाचेला एक चीर आहे. डावीकडे, गव्हाच्या दाण्याएवढी. बघ, आहे का?"

तिने पाहिलं. चीर होती, तेवढीच.

"मग मला दिसतं," उद्धवराव म्हणाले. आरशात तळवा हलत होता. "शरयू, माझं नाही ते नाहीच आहे. मी येणार नाही, अक्षताही टाकणार नाही. हो म्हणून तुला फसवणार नाही. पण पाय माझे आहेत. उद्यापासून मीच पाहीन."

ती खाली बसली आणि तिने त्यांच्या टाचेला मलम लावलं. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला नाही. आरसाही खाली ठेवला नाही.

दुसऱ्या दिवशी धर्मशाळेची खोली रिकामी होत आली होती. पोडोस्कोपची काच कागदात गुंडाळलेली होती. आभाळ सकाळपासून मळकट होतं. केसरबाई शेवटच्या आल्या होत्या. प्रसेनजितच्या हातात त्यांनी हरभऱ्याची पिशवी कोंबली, नागपूरले हे कुठं भेटते, म्हणाल्या, आणि डोळे पुसत निघून गेल्या. नागपूरच्या बसला पाऊण तास होता.

"आज शब्द नाही?" त्याने विचारलं. पेटीत काहीतरी लावत, पाठमोरा.

"आहे. अँटिपोडीज. पृथ्वीच्या अगदी पलीकडच्या बाजूला जी माणसं उभी असतात ती. त्यांचे तळवे आपल्या तळव्यांकडे असतात, मधे सगळी पृथ्वी."

"म्हणजे नागपूर."

"नागपूर इतकं लांब नाही," शरयू म्हणाली, आणि तपासणीच्या स्टुलावर बसली. तिने उजवी चप्पल काढली. "सगळ्यांची तपासणी झाली. माझी राहिली."

तो वळला. मग पेटीतून धागा काढून तिच्यासमोर बसला आणि तिचं पाऊल त्याने मांडीवर घेतलं.

"डोळे मिटा. लागला की..."

"माहीत आहे."

तिने डोळे मिटले. अंधारात तिला घर दिसलं. खुर्चीत एकटे बसलेले वडील, आरशात हलणारा अर्धा तळवा, आणि आता हो म्हणायला समोर कुणीच नाही. छातीत काहीतरी दुखलं. ते दुखणं तिने बाजूला सारलं नाही.

प्रसेनजितचा हात हवेत थांबला होता.

"हो," शरयू म्हणाली.

"अजून टेकवला नाही."

"ठाऊक आहे," डोळे न उघडता ती म्हणाली.

मग लाकडाच्या पेटीत धागा ठेवल्याचा बारीक आवाज झाला. आणि त्या दिवशी बसमध्ये बरणीच्या तळाशी धरले होते तसे, दोन्ही तळहात त्याने तिच्या टाचेखाली धरले.